चार केबीचा खण

हॉस्पिटलच्या तळघरात, चादरी धुण्याच्या खोलीला लागून, सर्व्हरची खोली आहे. बाहेर उकाड्यानं जीव नकोसा झाला तरी तिथे स्वेटर लागतो. तसा एक तपकिरी स्वेटर, दोन्ही कोपरांवर ठिगळं लावलेला, गेली सव्वीस वर्षं एकाच माणसाच्या अंगावर आहे. त्यांच्या बायकोचं म्हणणं असं की, लग्नाच्या वर्षी आपण आणि हा स्वेटर बरोबरच आलो, पण जीव कोणावर जास्त हे विचारायची सोय नाही.

ह्या गृहस्थांना सगळं हॉस्पिटल केवढंभाऊ म्हणतं. पगाराच्या कागदावर काही वेगळं लिहिलेलं असणार, पण ते वाचायला कोण जातंय! एक्स-रेवाले असोत की रक्ततपासणीवाले, कोणीही खाली येऊन "भाऊ, आम्हाला डिस्कवर जागा हवी आहे," असं म्हणालं की भाऊ चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "केवढं?" मग येणारा म्हणणार, पाचशे जीबी द्या. भाऊ मान हलवणार. "जागा केवढी ते नाही हो. ठेवायचंय ते केवढं?" ही सवय इतकी हाडीमासी खिळलेली की, मुलगी झाल्याची बातमी घेऊन नर्स बाहेर आली तेव्हाही ह्यांच्या तोंडून "केवढी?" एवढंच निघालं. नर्स बिचारी सरळ मनाची. तिला वाटलं वजन विचारतायत. पावणेतीन किलो, म्हणाली.

ह्या प्रश्नाचं मूळ बटणांत आहे. भाऊंच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, बटणांचं दुकान आहे. दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत लाकडी खण, मोजून सहाशे. एका खणात एकाच जातीची बटणं, हा ताईचा कायदा. शिंपल्याची चार भोकांची पाचशे असली तरी एक खण, आणि कोणा म्हातारीच्या कोटाचं उरलेलं एकुलतं एक पितळी बटण असलं तरी त्यालाही एक खण. त्या एकाच्या शेजारी दुसरं काही टाकलं की दोन्ही हरवली असं समजायचं. तेव्हा खण केवढे करायचे हे भिंत बांधतानाच ठरवावं लागतं. मोठे केले तर पितळी बटण त्यात एकटं लोळत बसतं आणि बाकीची जागा वाया. लहान केले तर ओव्हरकोटाची बटणं सात खणांत वाटावी लागतात आणि गिऱ्हाईक आलं की ताईची शिडीवर नुसती चढउतार.

डिस्कचं अगदी असंच असतं, असं भाऊ भेटेल त्याला सांगत. डिस्क वापरायला काढताना फॉरमॅट करावी लागते. तेव्हा संगणक विचारतो, खण केवढा हवा? एक केबी, दोन केबी, असं करत चौसष्ट केबीपर्यंत; केबी म्हणजे जीबीचा दहा लाखावा भाग. बहुतेक लोक तिथे जे आधीच लिहिलेलं असेल ते राहू देतात आणि पुढचं बटण दाबून चहाला जातात. भाऊंना ह्याचा भयंकर राग येई. कारण एकदा खण पडले की पडले. पुढे बदलायचे तर डिस्क पूर्ण रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून. फाइल कितीही चिमुकली असो, ती एक अख्खा खण अडवते, आणि त्या खणात उरलेल्या जागेत दुसरी फाइल येत नाही. बायको हे ऐकून ऐकून इतकी पक्की झाली होती की, डब्यात एकच लाडू उरला की म्हणायची, "अहो, तुमचा खण वाया चाललाय."

भाऊंनी आजवर केलेल्या प्रत्येक फॉरमॅटची नोंद एका जाड वहीत आहे. तारीख, कोणाची डिस्क, काय ठेवणार, खण केवढा, आणि का. ह्या वहीचा त्यांना अभिमान होता. थोडा जास्तच होता, असं म्हटलं तरी चालेल.

एका सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आवाज-विभागातून फोन आला. घशाच्या आजारामुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार आहे, अशा माणसांचा आवाज हा विभाग आधीच भरून ठेवतो. माणूस ठरलेली सोळाशे वाक्यं बोलतो. पुढे तो हातातल्या यंत्रावर जे टाइप करील ते यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. हे काम एक तंत्रज्ञ बाई बघत. एरवी शांत असलेल्या ह्या बाई त्या दिवशी फोनवर रडायच्या बेतात होत्या. डिस्क भरली होती. एक पेशंट नऊशे अकराव्या वाक्यावर अडकली होती आणि शुक्रवारी तिचं ऑपरेशन होतं.

भाऊ साहेबांच्या खोलीत गेले. संगणक-विभागाचे हे साहेब वयानं भाऊंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, पण सदा घाईत.

"नवी डिस्क मागवलीय, पण यायला दीड महिना लागेल," साहेब म्हणाले. "तोवर सगळ्यांत जुने दहा आवाज पुसून टाका. दीड महिना सहज निभावेल."

"बाई तयार नाहीत, साहेब. त्या दहातले सहा जण आजही त्याच आवाजात बोलतात. यंत्र बिघडलं तर इथूनच पुन्हा भरून द्यावं लागतं."

"आणि उरलेले चार?"

"ते वारले. पण त्यातल्या एकीचे यजमान दर महिन्याला येऊन तिची दहा वाक्यं ऐकून जातात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग ते म्हणाले, "भाऊ, जी माणसं गेली त्यांच्यासाठी, जिचा आवाज अजून शाबूत आहे तिला थांबवायचं का? उद्या दुपारपर्यंत दुसरं काही सुचलं तर सांगा. नाहीतर ते चार तरी पुसा."

म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. भाऊ जिना चढायला लागले. पण त्यांच्या डोक्यात साहेबही नव्हते आणि शुक्रवारही नव्हता. होतं ते एक कोडं. दोन हजार जीबीची डिस्क. अकरा वर्षांत दोनशे ऐंशी माणसं. प्रत्येकाचं बोलणं जेमतेम तीन तासांचं. एवढ्यानं दोन हजार जीबी भरतात? एवढ्या जागेत तर ह्या माणसांची आयुष्यभराची बडबड मावायला हवी होती.

आवाजाची खोली लहान होती. भिंतींना फोमच्या करड्या पट्ट्या लावलेल्या, मध्ये काच. काचेपलीकडे मायक्रोफोनसमोर चाळिशीची, रुंद खांद्यांची एक बाई बसली होती. केस आखूड, गळ्यात शिट्टी. ती पोहण्याच्या तलावावर शिकवायची आणि तिला सगळे कोचताई म्हणत. इथे आल्यापासून तिला रोज एकच ताकीद मिळत होती की, हळू बोला.

"हे बघा, डिस्कवाले आले," तंत्रज्ञ बाई तिला म्हणाल्या. "व्हॉल्यूम फुल झालाय ना, म्हणून."

कोचताई एकदम खजील झाली. अगदी कुजबुजत म्हणाली, "मी सांगत होते हो ह्यांना, मला हळू बोलता येत नाही. माझ्या ओरडण्यानंच भरला असेल."

भाऊ खो खो हसले. मग समजावून सांगितलं की, आमच्या भाषेत व्हॉल्यूम म्हणजे आवाजाचा मोठेपणा नव्हे, डिस्कवरची जागा. तुम्ही कितीही ओरडलात तरी ती आपली तेवढीच भरते. कोचताईनं लांब श्वास सोडला आणि तिचा खरा आवाज बाहेर आला, तलावाच्या ह्या काठावरून त्या काठावर जाणारा, थोडा फाटलेला, आणि आजारानं आणखी खरखरीत झालेला.

"मग बरंय! मला वाटलं, घशानं घात केला तो केलाच, आता जिभेनंही केला. बघा हो काहीतरी. यंत्रात एक बाई आधीच भरलेली असते, तिचा आवाज ऐकलाय मी. विमानतळावर बोलते तशी बोलते. त्या आवाजात मी 'पाय हलव' म्हटलं तर पोरं पाण्यातच झोपतील."

ती हसली, पण हात शिट्टीशी चाळा करत राहिले. भाऊंनी ते पाहिलं. मग खुर्ची ओढून ते संगणकासमोर बसले आणि सव्वीस वर्षांची सवय म्हणून त्यांनी विचारलं, "एकेक फाइल केवढी?"

"कुठली फाइल?" तंत्रज्ञ बाईंनी विचारलं. "रेकॉर्डिंगची? ती तासाची असते. पण ती आम्ही ठेवत नाही. प्रोग्राम तिचे तुकडे करतो आणि मूळ फाइल जाते."

"तुकडे? केवढे?"

"सेकंदाचे दहा. 'पाणी' म्हटलं तर 'पा'चे दोन-तीन, 'णी'चे दोन-तीन. पुढे यंत्राला नवा शब्द बोलायचा असला की हेच तुकडे जोडून बोलतं."

भाऊंनी फोल्डर उघडला. पडदाभर फाइली, खाली न्याल तितक्या खाली. दोन केबी. तीन केबी. दोन केबी. दोन. त्यांनी अख्ख्या डिस्कची बेरीज मागितली आणि संगणक मोजत बसला. मोजायला चांगला पाऊण तास लागला. तेवढ्यात कोचताईनं त्यांना खण म्हणजे काय ते विचारून घेतलं, बटणांचं दुकान कुठे आहे ते विचारलं आणि पितळी बटण शेवटी कोणी नेलं का, हेही. नेलं नव्हतं. मग पडद्यावर आकडे आले. फाइली तीन कोटींच्या वर. फाइलींचा आकार सत्तर जीबी. डिस्कवर अडवलेली जागा, जवळजवळ दोन हजार.

खण चौसष्टचे होते. तीन कोटी खणांत तीन कोटी पितळी बटणं एकटी लोळत होती.

"कोणी केलं हो हे फॉरमॅट?" भाऊ चिडूनच म्हणाले. "एवढी अक्कल नको? दोन केबीच्या फाइलीला चौसष्टचा खण! चहाला जायची घाई झाली असणार."

तंत्रज्ञ बाई टेबलावरचे कागद नीट लावायला लागल्या. त्यांना नक्की आठवत नव्हतं, आणि आठवत असतं तरी त्या बोलल्या नसत्या.

तळघरात येऊन भाऊंनी वही काढली. अकरा वर्षांपूर्वीचं पान शोधलं. अक्षर ओळखीचं निघालं. 'आवाज-विभाग. रेकॉर्डिंग. केवढं, हे फोनवर विचारलं. एकेक तासाचं असतं म्हणाले. मोठ्या फाइली. खण ६४.' खाली त्यांचीच सही, ऐटदार, शेवटी रेघ ओढलेली.

भाऊ स्टुलावर बसून राहिले. एक्स-रेवाल्यांकडे ते जातीनं गेले होते, डोळ्यांच्या विभागात तर दोन दिवस बसले होते. ह्या एका विभागाला जिने चढायचा कंटाळा केला आणि फोनवर विचारलं. विचारलं होतं, हे खरं. उत्तरही खरंच मिळालं होतं. रेकॉर्डिंग केवढं, तर तासाचं. पण डिस्कवर रेकॉर्डिंग राहतच नव्हतं, राहत होते तुकडे. ज्या एका शब्दावर त्यांनी आयुष्यभर नाव मिळवलं त्यानंच त्यांना चकवलं होतं. ही चूक त्यांना इतकी लागली की त्यांनी स्वेटरही काढून ठेवला आणि मग थंडी वाजली म्हणून पुन्हा घातला.

मंगळवारी सकाळी ते वही घेऊनच साहेबांच्या खोलीत गेले आणि ते पान उघडून टेबलावर ठेवलं.

"आवाज पुसायची गरज नाही. डिस्क भरलेलीच नाही, नुसती अडवलेली आहे. आणि अडवली कोणी ते इथे लिहिलंय."

साहेबांनी वाचलं. सही पाहिली. भाऊंकडे पाहिलं. वही मिटून परत सरकवली, हा त्यांचा मोठेपणा.

"मग आता?"

"हजेरीच्या जुन्या सर्व्हरवर तीनशे जीबी मोकळे पडलेत."

"भाऊ, दोन हजारांत मावेना ते तुम्ही तीनशेत बसवणार?"

"निम्म्यात बसेल. लिहून देतो."

साहेबांनी नुसते हात वर केले. होकार होता की नाद सोडला होता, कोण जाणे. भाऊंनी तो होकारच धरला.

खण केवढा करायचा हे मात्र त्यांनी ह्या वेळी कोणालाच विचारलं नाही. ते पुन्हा वर गेले आणि मधूनमधून कुठलेही हजार तुकडे घेऊन एकेक मोजले. सगळ्यांत लहान दीड केबीचा, सगळ्यांत मोठा साडेतीनचा. काचेपलीकडून कोचताई बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"मग सगळ्यात लहान खण का नाही पाडत? एक केबीचा?"

"यादी लांबते ना! एका तुकड्याला तीन-तीन खण, म्हणजे कुठला भाग कुठे ठेवलाय ते लिहीत बसा. ताईची शिडी आठवतेय का?"

"मग दोनचा?"

"बहुतेक तुकडे दोनपेक्षा जरासे मोठे आहेत. म्हणजे दोन खण लागणार, चारच केबी जाणार, आणि शिडी आहेच. चारचा केला तर एक तुकडा, एक खण. कोणी बाहेर लोंबत नाही आणि आतही फारसं कोणी लोळत नाही." स्वतःच्या गणितावर ते असे खूश झाले की घटकाभर आपली चूकही विसरले.

फॉरमॅट व्हायला दहा सेकंदं लागली. प्रोग्रामला नवा पत्ता देऊन झाला आणि दुपारी एकला कोचताईनं नऊशे बारावं वाक्य म्हटलं. 'दार लावून घ्या, वारा येतोय.' तंत्रज्ञ बाईंनी काचेवर अंगठा उंचावून दाखवला आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले. जुन्या आवाजांचे तीन कोटी तुकडे मागाहून रांगेनं नव्या जागी येत राहिले. त्यातला एकही पुसावा लागला नाही.

गुरुवारी दुपारी सोळाशे वाक्यं संपली. घसा दमला होता, कोचताई पाण्याचे घोट घेत बसली होती. भाऊ उगाचच वर आले होते. उगाचच म्हणजे बघायला.

"झालं का सगळं?" त्यांनी विचारलं.

"झालं की. सोळाशे वाक्यं, शहाण्या माणसासारखी हळू आवाजात." ती थांबली. मग काचेकडे बघत म्हणाली, "पण ही मी नाही हो. मी असं कधी बोललेच नाही. घरी विचारा."

भाऊंनी तंत्रज्ञ बाईंकडे पाहिलं. "ओरडलेलं भरता येतं का?"

"येतं, पण आम्ही कधी भरलं नाही. जागेची ओढाताण असायची ना नेहमी."

"जागा आहे," भाऊ म्हणाले. "आता हवी तेवढी आहे. ओरडा, कोचताई."

कोचताई उठून उभी राहिली. खुर्ची मागे सरकवली, शिट्टी सरळ केली, आणि समोर तलाव असल्यासारखी ओरडली. "पाय! पाय हलव! मान खाली! श्वास सोड, धरून काय ठेवतोस! पुढं बघ! पुढं!" तीन तास थांबत थांबत ती ओरडत होती, हसत होती, रागवत होती. शेजारी कानांची तपासणी चालते. तिथला एक म्हातारा म्हणे डॉक्टरांना म्हणाला, यंत्राची गरज नाही, मला स्पष्ट ऐकू येतंय. संध्याकाळी तिचा आवाज अगदी बसला. जाताना तिनं भाऊंना हातानंच विचारलं, पोहता येतं का? भाऊंनी नकारार्थी मान हलवली. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

शुक्रवारी ऑपरेशन झालं.

भाऊंनी वहीतल्या त्या जुन्या पानावर खाली लिहिलं, 'चूक माझी. विचारलं, पण पाहिलं नाही.' खाली सही केली, ह्या वेळी रेघ न ओढता.

चार महिन्यांनी बायकोच्या धाकानं आणि थोडं कुतूहलानं भाऊ तलावावर दाखल झाले. काठावर कोचताई उभी होती. गळ्याला रुमाल, शिट्टीच्या जागी दोरीला अडकवलेलं पाटीएवढं यंत्र आणि कमरेला स्पीकर. तिनं दोन बोटांनी टाइप केलं. 'या. पाण्याबाहेर तुम्ही, पाण्यात तू. चालेल?' तिच्याच आवाजात, हळू. भाऊंनी नुसती मान डोलावली.

मग ते उथळ पाण्यात लोखंडी दांडा धरून आडवे झाले आणि जीव मुठीत धरून तसेच राहिले. पाय काही हलेनात. तेवढ्यात वरून तलाव दणाणला.

"केवढंभाऊ! पाय! पाय हलव!"

भाऊ दचकले, नाकातोंडात पाणी गेलं, पाय आपोआप हलायला लागले. आणि पाण्यात धडपडतानाही त्यांच्या डोक्यात कोडं शिरलं. ही बाई आपल्याला तोंडानं कधी केवढंभाऊ म्हणालीच नव्हती. हा शब्द भरलेलाच नाही, म्हणजे जोडलेला आहे. 'के' कुठूनही मिळेल. 'व' तर ढिगानं. पण 'ढं'? एवढा खणखणीत, ओरडलेला 'ढं' त्या सोळाशे हळू वाक्यांत कुठला असायला!

आणि मग त्यांना तो ओळखू आला. गुरुवारची दुपार, काचेपलीकडे उभी राहिलेली बाई. 'पुढं बघ! पुढं!' त्यातला तो तुकडा. असेल फार तर अडीच केबीचा.

भाऊंनी डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. तलावात ते कोणाला दिसणार होतं? त्यांनी दांडा घट्ट धरला आणि पाय हलवत राहिले.